पुल-अप्स दहाच्या वर गेले की कोपर धरतं, आणि विश्रांती घेऊनही परत येतं

या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. बारला लटकलेलं असताना काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल पिळायला घेतला, की कोपराच्या आतल्या बाजूने बारीक कळ जाते. चार दिवसांनी तीच कळ भरलेला कुकर ओट्यावरून उचलताना येते. मग एक दिवस पहिल्याच पुल-अपला. माणूस वैतागून तीन आठवडे सुट्टी घेतो, दुखणं जातं, पुन्हा बार धरतो, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा टॉवेल.

मी या चक्रातून चार वेळा गेलोय. दर वेळी मुक्काम तोच: दहा-बारा पुल-अप्स नीट निघायला लागले, आता मसल-अप (पुल-अप घेत तसंच बारच्या वर चढून हात सरळ करणं) करून बघू असं मनात आलं, की कोपर बसलं. मैदानातल्या सिंगल बारपाशी भेटणाऱ्या बऱ्याच पोरांची हीच रड आहे. सैन्यभरतीची तयारी करणारे जरा लवकर अडकतात. तिथे दहा बीमला (भरतीत पुल-अप्सना बीम म्हणतात) पूर्ण ४० गुण आणि सहाला फक्त १६, त्यामुळे सहावरून दहावर जायची घाई असते आणि पोरं रोज, अगदी रविवारीसुद्धा, बीम मारत असतात.

पाचव्यांदा मात्र ते आलं नाही. काय बदललं ते लिहितो.

आधी हेच दुखणं आहे का ते बघा

हात पुढे धरा, तळहात वर, कोपर थोडं वाकवलेलं. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे बरगड्यांकडे, एक टोकदार हाड हाताला लागतं. त्यावर किंवा त्याच्या खाली बोटभर अंतरावर दाबलं आणि नेमकी ती ओळखीची कळ आली, तर पहिली खूण पटली. आता हात टेबलावर उताणा ठेवा, मूठ वळा, दुसऱ्या हाताने ती मूठ खाली दाबून धरा आणि मनगट वर वळवायचा जोर लावा. त्याच जागी दुखलं, तर हे बहुतेक गोल्फर्स एल्बो. गोल्फची काठी मी आजवर टीव्हीतच पाहिलीय, पण नाव तेच आहे. मनगट आत वाकवणाऱ्या आणि बोटं मिटणाऱ्या स्नायूंचा मोठा गट एका सामाईक कंडरेने त्या टोकदार हाडाला बांधलेला असतो. बार घट्ट धरला की त्या सगळ्यांची ओढ तिथे येते.

दुखणं कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी असेल तर ते टेनिस एल्बो. तिथेही मार्ग हाच, फक्त मनगटाचे व्यायाम पालथ्या हाताने करायचे. पुढच्या खळगीत दुखत असेल तर बायसेप्सची कंडरा, त्याबद्दल शेवटाकडे. आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येत असतील किंवा ती बोटं बधिर होत असतील, तर इथेच थांबा. कोपर आपटलं की झिणझिण्या आणणारी नस त्याच हाडाच्या मागून जाते, आणि नसेचं दुखणं व्यायामाने परस्पर बरं करायला जायचं नसतं. डॉक्टरांना दाखवा.

विश्रांती का पुरत नाही

स्नायू पटकन तयार होतात, कंडरा हळू. कंडरेला रक्तपुरवठा कमी आणि तिच्यातली दुरुस्तीही संथ. दोन महिन्यांत दंड आणि पाठ बाराव्या पुल-अपला तयार होतात, आणि ज्या दोरीने हे सगळं हाडाला बांधलंय ती अजून आठव्यावरच असते. ताकद वाढल्याचा आनंद होत असतो तेव्हाच ही दरी रुंद होत जाते, म्हणून दुखणं नेमकं प्रगतीच्या भरात येतं.

तीन आठवडे काहीच केलं नाही की कळ थांबते, पण कंडरेची भार घ्यायची ताकद त्या तीन आठवड्यांत वाढत नाही, उलट थोडी घटते. आपण मात्र परत येतो ते जुन्याच आकड्यावर. मला तर सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जरा जास्तच उत्साह असायचा.

हे मला कळलं ते वहीमुळे. मी फार शिस्तीचा नाही, पण किती पुल-अप्स काढले ते किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायची सवय होती. चौथ्या वेळी कोपर धरलं तेव्हा वैतागून सगळी पानं काढली आणि आठवड्याची बेरीज मांडली. पहिल्या दुखण्याच्या आधीचे आठवडे असे होते: ६०, ६६, ७२, ११०, ११५. सहाव्या आठवड्यात कळ. दुसऱ्या वेळी आकडे वेगळे, चढ तोच: तीन आठवडे शहाण्यासारखे, मग एकदम उडी, आणि उडीनंतर दोन आठवड्यांनी टॉवेल.

म्हणजे ज्या दिवशी दुखलं त्या दिवशी काय चुकलं हे मी दर वेळी शोधत होतो, आणि चूक पंधरा दिवस मागे पडलेली होती. तिथे शोधलंच नव्हतं. कधी थंडीला दोष दिला, कधी वॉर्म-अपला, एकदा तर नवीन उशीला.

तुमची वही नसेल तर मोबाइलमधले व्हिडिओ, मित्राला पाठवलेले मेसेज, काहीही चालेल. दुखणं सुरू झालं त्याच्या दोन ते चार आठवडे आधी नवीन काय आलं, ते शोधून काढा. पुढचं सगळं त्यावर आहे.

संशयित, माझ्या अनुभवाच्या क्रमाने

पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे आकड्यातली उडी. ७२ वरून ११० झाले ते पुल-अप्स वाढवून नाही. वाढले ते मसल-अपचे प्रयत्न. ते वहीत उतरत होते, पण व्यायाम म्हणून मी ते धरलेच नव्हते. "ते काय, नुसतं करून बघतोय." असं नुसतं करून बघणं दिवसाला पंधरा वेळा झालं, आणि त्यातला प्रत्येक प्रयत्न साध्या पुल-अपपेक्षा जड. झटका देऊन वर जायचं, न जमता खाली आदळायचं. हात सरळ होताना जो हिसका बसतो तो सगळा त्या एका जागेवर. फसलेला मसल-अप जमलेल्यापेक्षा महाग पडतो. मी आता तो वहीत दोन पुल-अप्स म्हणून धरतो. शास्त्र काही नाही त्यात, पण हिशेबात राहतो.

दुसरा संशयित पकड. तळहात आपल्याकडे ठेवून काढलेले चिन-अप्स सोपे वाटतात म्हणून थकल्यावर आपण तिकडे वळतो. सरळ, न फिरणाऱ्या बारवर त्या पकडीत हात पूर्ण उताणा होऊन अडकतो, मनगटाला हलायला जागा नसते. बऱ्याच जणांचं कोपर तिथेच कुरकुरतं. मसल-अपसाठीची फॉल्स ग्रिप, म्हणजे मनगट बारच्या वरून वळवून तळहाताची टाच बारवर टेकवणं, तर आणखी कडक. तिच्यात मनगट वाकवणारे स्नायू पूर्ण वेळ आवळलेले असतात.

तिसरा संशयित मला योगायोगाने सापडला, आणि तो म्हणजे पाईप. आमच्या मैदानातला बार धरला की अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटत नाहीत. एक दिवस सुतळी गुंडाळून मोजलं तर घेर १५ सेंटिमीटर भरला. म्हणजे जाडी सुमारे ४८ मिलिमीटर. जिममधले पुल-अप बार साधारण २८ ते ३२ मिलिमीटरचे असतात. फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दीड इंची पाईप आहे, दीड इंच म्हणजे आतलं माप, बाहेरून ४८ भरणारच. वर दर दिवाळीला ऑइल पेंटचा एक थर. इतका जाड आणि गुळगुळीत बार नुसता धरून ठेवायलाच बोटांना दुप्पट मेहनत. जाड बार वाईट नाही, पकड कमावायला उत्तमच, पण मग तो पकडीचा व्यायाम म्हणून हिशेबात घ्यायला हवा. मी त्याला फक्त बार समजत होतो.

चौथा, प्रत्येक सेट हात सुटेपर्यंत खेचणं. शेवटच्या दोन पुल-अप्सना खांदे कानाला लागतात, पाठ काम सोडते आणि सगळं मनगटा-कोपरावर येतं. सेटमध्ये दोन शिल्लक ठेवून थांबलं तर ताकद वाढायची थांबत नाही. हे मला पटायला फार वेळ लागला, कारण बघणारे लोक असले की थांबवत नाही.

आणि पाचवा, बारशी संबंध नसलेला. माझं डावं कोपर कायम उजव्यापेक्षा जास्त दुखायचं. मी उजव्या हाताचा, तरी डावंच का? ठाणे ते ऐरोली रोज बाईक, त्यात कळव्याच्या नाक्यावरची गर्दी, आणि क्लच डाव्या हाताला. तासभर मूठ आवळ-सोड, आवळ-सोड, आणि तसाच थेट मैदानात. क्लचची केबल ढिली करून तेल घातलं, खर्च शून्य. तुमचा क्लच वेगळा असेल: सुतारकाम, बाळाला तासन् तास कडेवर घेणं, टाकीतून बादल्या आणणं. कोपर हे सगळं एकाच खात्यात जमा करतं.

एक गोष्ट आपल्या मातीतली. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, जे आपण लहानपणापासून करतो त्यात ढकलणं भरपूर, ओढणं जवळपास नाही. ओढण्याची, लटकण्याची, पकडीची कमाई होती ती मल्लखांबावर आणि दोरीवर. पाचशे जोर काढणारा गडी बारपाशी आला की छाती-खांदे पाहून आपण त्याला थेट दहा पुल-अप्सचा समजतो, पण त्याच्या बोटांच्या कंडरेचा तो पहिला दिवस असतो. मल्लखांबाच्या वर्गात नव्या पोराला आठवडेच्या आठवडे साध्या उड्या आणि साध्या अढीतच ठेवतात, त्याला कितीही कंटाळा आला तरी. बारपाशी थांबवणारं कुणी नसतं, मोबाइलवर पुढचं दाखवणारे मात्र शंभर.

काय करायचं

पूर्ण बंद करू नका. दुखण्याला ० ते १० आकडा द्या. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं असलं पाहिजे. माझी कसोटी टॉवेलचीच: सकाळी पिळताना कालपेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं. तेवढं कमी करायचं, शून्य करायचं नाही.

पहिले दोन आठवडे चिन-अप्स, फॉल्स ग्रिप, मसल-अपचे प्रयत्न बंद. पुल-अप्स निम्म्यावर, दिवसाआड. रिंग्ज मिळाल्या तर त्यावर काढा, कारण रिंग हाताबरोबर फिरते आणि मनगट आपला कोन आपण शोधतं. रिंग्ज नसतील तर डबल बारच्या खाली, तळहात समोरासमोर ठेवून, पाय टेकवून आडवे ओढा. प्रत्येक वेळी लटकल्यावर आधी खांदे कानापासून खाली खेचा, मग कोपर वाकवा. नुसतं तेवढंच, कोपर न वाकवता, आठ-दहा वेळा करणं हा स्वतंत्र व्यायामही आहे.

कोपरासाठी सुरुवात न हलण्यापासून. हात टेबलावर उताणा, पंजा कडेबाहेर, हातात वजन, मनगट सरळ धरून ४५ सेकंद थांबा, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. वजन इतकं हवं की शेवटचे दहा सेकंद जड जावेत. घरी डंबेल नसेल तर पाण्याची बाटली, एक लिटर म्हणजे एक किलो, पण पुल-अप्स काढणाऱ्याला ती लवकरच हलकी पडते. कापडी पिशवीत तांदूळ भरून मुठीत धरा, किलोकिलोने वाढवता येतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

टॉवेलची कळ निवळली की, साधारण दोन आठवड्यांनी, हलता व्यायाम. मनगट टेबलाच्या कडेबाहेर, दुसऱ्या हाताच्या मदतीने वजन वर, आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद मोजत खाली. पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवून आठ-दहावर या. सोबत हातोडी दांड्याच्या टोकाला धरून मनगट हळूहळू आत-बाहेर फिरवा. बोटांवर रबर बँड लावून पंजा उघडायचा व्यायामही जोडा, तो टीव्ही बघताना होतो.

याला सहा ते बारा आठवडे लागतात. कंटाळवाणं आहे. मधे तिसऱ्या आठवड्यात दुखणं इतकं कमी होतं की आता बरं झालं असं वाटतं, आणि मी दोनदा तिथेच घसरलोय.

बामने जागा गरम होते, बाकी काही नाही. कोपराखाली बांधायचा पट्टा काहींना कामाच्या वेळी आराम देतो, जरूर वापरा, पण पट्टा लावून मसल-अप करू नका. वेदनाशामक गोळी घेऊन बारवर जाणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मोजायची पट्टीच आपण फेकून देतो. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर डॉक्टरांना पुढच्या वर्षाचं विचारा. टेनिस एल्बोवरच्या अभ्यासांत इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान गेले, पण वर्षाच्या शेवटी ते न घेतलेल्यांची स्थिती चांगली होती आणि दुखणं उलटायचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं.

सूज, रात्री झोपमोड करणारी वेदना, "कट्ट" असा आवाज येऊन अचानक गेलेली ताकद, किंवा सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नाही, यातलं काही असेल तर फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर.

मग मसल-अप कधी

माझी अट आता अशी आहे. दहा पुल-अप्स, पाय न झाडता, प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ. छाती बारला लागेल असे पाच. सिंगल बारवरच, डबल बारवर नाही, दहा खोल डिप्स (हातांवर शरीर तोलून खाली-वर जाणं), कारण मसल-अपचा वरचा अर्धा भाग तोच आहे आणि लोक तो विसरतात. फॉल्स ग्रिपमध्ये वीस सेकंद लटकणं. आणि हे सगळं करून दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल गप्प. शेवटची अट बाकी चारांपेक्षा महत्त्वाची.

मधला टप्पा, म्हणजे छाती बारच्या वर काढून कोपरं मागे वळवणं, कमी उंचीच्या बारवर पाय जमिनीला टेकवून शिका. छातीएवढ्या उंचीची रेलिंग चालते, फक्त ती हलत नाही ना ते बघा. पायांनी हवी तेवढीच मदत घ्या. दोन्ही कोपरं एकाच वेळी वर आली पाहिजेत. एक आधी आणि दुसरं नंतर असं मुरगळत गेलात, तर मागे राहिलेल्या हाताचं कोपर आणि खांदा दोन्ही त्याची किंमत देतात. व्हिडिओ काढून बघा, कारण आतून ते दोन्ही एकदम आल्यासारखंच वाटतं.

आठवड्याच्या बेरजेत पाच-सात पुल-अप्सपेक्षा जास्त वाढ नाही, आणि दर चौथ्या आठवड्यात बेरीज तृतीयांशाने खाली. नवीन प्रकार आला की तितके जुने वजा. ऑफिसच्या कामाने किंवा तापाने पंधरा दिवस खंड पडला, तर परत येताना जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यावरून. आणि गणपती ते दिवाळी या काळात तीन किलो वाढले असतील, तर ते तीन किलो प्रत्येक पुल-अपला पाठीवर आहेत. वहीत त्याचीही नोंद हवी. मोदकांबद्दल माझी तक्रार नाही.

मला हे सगळं धरून सात महिने लागले. पहिला मसल-अप निघाला तो कुणी बघत नसताना, आणि त्या दिवशी दुसरा केला नाही.

सरळ हाताचे व्यायाम आणि पुढची खळगी

प्लांश (हातांवर शरीर जमिनीला समांतर तोलणं), बॅक लीव्हर (बारला हात मागे ठेवून पालथं, आडवं लटकणं) यांत कोपर वाकवायचंच नसतं, म्हणून वरचा हिशेब थोडा बदलतो. तिथे ओढ बायसेप्सच्या खालच्या कंडरेवर, कोपराच्या पुढच्या खळगीत येते, विशेषतः हात उताणा ठेवला तर. गुडघे छातीशी घेऊन केलेला प्रकार आणि पाय लांब केलेला प्रकार यांत वजन तेच राहतं, पण पाय जसे लांब जातात तसा खांद्यापासूनचा तरफेचा दांडा वाढतो, त्यामुळे एक टप्पा म्हणजे एक पाऊल नसतं, कधी कधी तो अख्खा मजलाच असतो. गुडघे घेतलेल्या प्रकारात पंधरा सेकंद आरामात, दोन-तीन आठवडे सलग, तेव्हा फक्त पाठ सरळ करून बघा, पाय नाही. सकाळी हात पूर्ण सरळ करताना खळगीत ताठरपणा वाटला तर एक टप्पा मागे.

पाईप बदलायचा असेल तर

सोसायटीत किंवा गच्चीवर बार लावणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याला "एक इंची जीआय, सी क्लास" सांगा. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, जाड पत्र्याचा पाईप, लाल पट्टा असतो तो. बाहेरून ३३-३४ मिलिमीटर भरतो, हाताला बरोबर. रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, नाहीतर मधे लवतो. रंग लावू नका, घामाने हात सरकतो. साधा झिंकचा पृष्ठभागच बरा, आणि पावसाळ्यात जुन्या बनियनने पुसून घ्या. भिंतीत ठोकणार असाल तर चार इंची विटेच्या भिंतीत नको, बीममध्ये किंवा कॉलममध्येच. आमच्या इमारतीत एकाने बेडरूमच्या पार्टिशनला लावला होता. तो स्वतः वाचला, कपाटाचा आरसा गेला.